एक नग घट

याब्लोनेत्सचा कारखाना बुडाला तेव्हा
गुंड्या किलोवर काढल्या त्यांनी.
चाळीस क्राउन किलो, बटाट्याहून थोडं जास्त.
मी सतरा पोती उचलली,
यार्मिलाच्या ट्रकने तळघरात उतरवली,
आणि नवरा म्हणाला, आता काय, काच पेरणार?

नवरा गेला.
पोती आहेत. नऊ उरलीत.

धंद्याचं गुपित वगैरे काही नाही.
कोमट पाण्यात धुवायच्या, साबण बेताचा.
मागची तार गंजली असेल तर तसंच लिहायचं: गंज आहे.
फोटो उत्तरेच्या खिडकीत, दहाच्या आत,
शेजारी एक नाणं, म्हणजे माप विचारत बसत नाही कोणी.
सुरुवात एका क्राउनपासून.
लोक घाबरतात एकाला. मी नाही.
एकावर माणूस हसत येतो
आणि आल्यावर त्याला जाववत नाही.
लिलाव संपवायचा रविवारी रात्री आठला,
जेवणं उरकलेली, सोमवार अजून दाराबाहेर,
नेमकं तेव्हाच माणसाला काहीतरी हवं असतं.

इथे बोली लावतात, बोलत नाहीत.
एक वार, दोन वार म्हणणारा कोणी नाही, हातोडा नाही.
आकडे उलटे पळतात,
आणि शेवटच्या अकरा सेकंदांत
होबार्टचा दंतवैद्य आणि गेंटची शिंपीण
एकमेकांचं तोंड न बघता भांडतात.
मी चहा ढवळत असते.

फेब्रुवारीत आठव्या पोत्याच्या तळाशी
काळ्या काचेच्या बारा निघाल्या. फूल, आठ पाकळ्या,
पाचवी चिमटलेली.
लिहिलं: दोष, एक पाकळी. टाकल्या लिलावात.
शनिवारी भांडी घासताना हात थांबले.

आई सळई तापवायची, चिमट्याच्या साच्यात दाबायची,
आणि क्षणभर लवकर सोडायची. डावखुरी होती.
मुकादम नगामागे पैसे कापायचा,
ती म्हणायची कापू दे,
पुढची काच वाट बघत नाही.
तिच्या मनगटावरचे भाजल्याचे ठिपके
मी झोपताना मोजायची. एकदाही बेरीज जुळली नाही.

तोवर चौदा बोल्या लागल्या होत्या.
माल मागे घेता येतो तसा, पण नाव जातं,
आणि हे नाव मी पाकिटापाकिटाने कमावलंय.
शेजारचा ओन्द्रा म्हणाला, माझ्या नावाने बोली लाव, तूच घे.
म्हणजे आपल्याच दुकानात चोरी,
वर दलाली भरून.
नको, म्हटलं.

रविवार, आठ. तीन हजार एकशे वीस. गेंट.

रात्री साडेदहाला तिला लिहिलं:
बाराऐवजी अकरा पाठवू का? एकीचे पैसे परत करते.
कारण लिहिलं होतं, मग खोडलं.
सकाळी उत्तर आलं:
चालेल. माझ्या कोटाला तशीही दहाच काजं आहेत.

दोनशे साठ क्राउन परत.
चाळीस क्राउन किलोच्या ढिगातली एक गुंडी
मी दोनशे साठला विकत घेतली,
आणि घासाघीससुद्धा केली नाही.
वहीत मांडलं: विक्री अकरा. घट एक नग.
दलाली, पाकीट, टपाल वजा जाता
तरी नफा आहे. ओन्द्राला दाखवला.

मंगळवारी नवा फोटो. निळ्या चोवीस, पारदर्शक,
बाहेर बर्फ असल्याने उजेड जरा जास्तच.
शेजारी नाण्याच्या जागी काळी ठेवली.
तासाभरात होबार्टहून प्रश्न:
काळीसुद्धा विकायची आहे का?

नाही, लिहिलं.
ते माप आहे.